चुकीचे मूळ शोधणाऱ्या ग्रेस हॉपर

मुद्रणकला आपल्या देशात रुजण्यापूर्वी ग्रंथ हाताने उतरून घेत असत. उतरून घेणारा कितीही श्रद्धावान असला तरी एखादे अक्षर गळे, एखादा शब्द बदले, आणि पुढची प्रत त्या चुकीसकट तयार होई. ज्ञानेश्वरीत असे अपपाठ शिरले, तेव्हा संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकलेत शिरणाऱ्या चुकीचा हाच प्रश्न साडेतीनशेहून अधिक वर्षांनी अमेरिकेत, संगणकाच्या खोलीत, पुन्हा उभा राहिला. तो सोडविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या ग्रेस हॉपर या विदुषींचा परिचय करून घेणे उद्बोधक ठरेल.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला. वय वर्षे सात असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी ते उघडले. ते पुन्हा जुळेना, म्हणून दुसरे उघडले. असे करता करता घरातील सात घड्याळे सुटी झाली. आईने त्यांना फारसे रागे न भरता पुढे एकाच घड्याळावर प्रयोग करण्याची मुभा दिली. मुलींनाही मुलासारखेच शिक्षण मिळावे असा वडिलांचा आग्रह होता. त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हती. १९२८ साली व्हासार कॉलेजातून गणित व पदार्थविज्ञान या विषयांत त्या पदवीधर झाल्या आणि १९३४ साली येल विद्यापीठाने त्यांना गणितातील डॉक्टरेट दिली. मधल्या काळात व्हासारमध्येच त्यांनी अध्यापनास आरंभ केला होता.

दुसऱ्या महायुद्धात देशसेवेच्या ओढीने त्यांनी नौदलात जाण्याचे ठरविले. वय सदतीस, वजन नियमापेक्षा कमी. तरीही खास परवानगी मिळवून १९४३ च्या डिसेंबरात त्या राखीव नौदलात दाखल झाल्या. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठातील मार्क वन या प्रचंड गणकयंत्रावर त्यांची नेमणूक झाली. हे यंत्र ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि सुमारे ५ टन वजनाचे होते. पण एका सेकंदात जेमतेम तीन बेरजा करी. कागदी पट्टीवर भोके पाडून त्याला आज्ञा द्याव्या लागत. एक भोक चुकले की सारे गणित चुके.

येथेच १९४७ च्या सप्टेंबरात पुढच्या मार्क टू यंत्राच्या एका रिलेत अडकलेला पतंग सापडला. तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याची इंग्रजी रीत त्याआधीपासूनची होती, आणि तो पतंग हॉपरबाईंनी स्वतः पकडलाही नव्हता. पण ही हकीकत त्या पुढे इतक्या गोडीने सांगत की ती त्यांच्याच नावावर रूढ झाली.

पतंग दिसतो, काढता येतो. माणसाच्या हातून झालेली चूक मात्र हजार आकड्यांत लपून बसते. १९४९ साली हॉपरबाई फिलाडेल्फिया येथील एकर्ट-मॉक्ली या संगणक कंपनीत गेल्या. (याच सुमारास, १९४८-४९ मध्ये, गोव्यात कोसबें येथे जन्मलेले गणिती दामोदर कोसंबी हेही युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर गणकयंत्रांच्या अभ्यासासाठी इंग्लंड-अमेरिकेत गेले होते.) त्या काळी वर्गमूळ काढण्यासारख्या नेहमी लागणाऱ्या कृतींच्या आज्ञा वह्यांत लिहून ठेवीत आणि गरज पडली की उतरून घेत. प्रत्येक आज्ञेत स्मृतीतील जागेचा क्रमांक असे. वहीत हे क्रमांक शून्यापासून मांडलेले असत. तीच कृती नव्या गणितात दोनशेव्या जागेपासून ठेवायची असली, तर प्रत्येक क्रमांकात दोनशे मिळवावे लागत. शिकलेसवरलेले गणितीही उतरविताना अक्षर बदलीत आणि बेरीज चुकवीत.

हॉपरबाईंनी कोणाला दोष दिला नाही. नक्कल करणे व बेरीज करणे ही दोन्ही कामे यंत्राला उत्तम येतात, मग ती माणसाने का करावीत, असा विचार त्यांनी केला. प्रत्येक कृतीला एक क्रमांक देऊन साऱ्या कृती चुंबकीय फितीवर साठविल्या. माणसाने फक्त क्रमांक सांगावेत. यंत्राने त्या कृती शोधाव्यात, जागांचे आकडे बदलावेत आणि सलग आज्ञावली जुळवून द्यावी. १९५२ साली सिद्ध झालेली ही ए-झीरो योजना म्हणजे आजच्या कंपायलरची पूर्वज होय. यंत्र फक्त आकडेमोड करते, आज्ञावली लिहीत नाही, असे म्हणून अनेकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. पण त्या डगमगल्या नाहीत.

पुढे त्यांनी फ्लोमॅटिक ही साध्या इंग्रजी शब्दांची संगणकभाषा तयार केली. हेच शब्द फ्रेंच व जर्मन भाषांतही चालतील असे दाखविले, तेव्हा वरिष्ठ हबकून गेले, असे त्या सांगत. फ्लोमॅटिकच्या आधारे १९५९-६० मध्ये अनेकांच्या सहकार्याने कोबोल ही भाषा घडली. १९६० च्या डिसेंबरात एकच आज्ञावली, थोडा फेरफार करून, दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. जगातील अनेक बँकांचे व्यवहार आजही कोबोलवर चालतात.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना निवृत्त केले. परंतु १९६७ साली सहा महिन्यांसाठी पुन्हा बोलाविले, कारण प्रत्येक कंपनीची कोबोल थोडी वेगळी होऊन बसली होती. एका यंत्रावर चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर अडे. हॉपरबाईंच्या मार्गदर्शनाखाली कंपायलरचीच परीक्षा घेणाऱ्या आज्ञावली तयार झाल्या. दुकानदाराच्या वजनांची जशी सरकारी तपासणी होते, तशीच ही तपासणी होती. सहा महिन्यांचे ते काम एकोणीस वर्षे चालले. १९८६ साली रिअर अॅडमिरल या हुद्द्यावरून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांचे वय ७९ होते.

अध्यापनाची आवड त्यांनी अखेरपर्यंत जपली. व्याख्यानात त्या श्रोत्यांना सुमारे एक फूट लांबीचे तारेचे तुकडे वाटत. सेकंदाच्या अब्जांशात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर जाऊ शकते, हे डोळ्यांना दिसावे म्हणून! त्यांच्या कार्यालयातील घड्याळाचे काटे उलट दिशेने फिरत. रूढ आहे तेवढ्यानेच एखादी गोष्ट योग्य ठरत नाही, याची ती आठवण होती. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

विद्यार्थी मित्रहो, आज हरमलच्या मुलाचे गुणपत्रक असो वा पेडण्याच्या बँकेतील खातेपुस्तक असो, ते अचूक निघावे यासाठी कितीतरी अज्ञात हातांनी आधी चुका शोधलेल्या असतात. गणित चुकले की आपण उत्तर खोडून शेजाऱ्याच्या वहीकडे पाहतो. तसे न करता चूक नेमकी कोणत्या ओळीत शिरली हे शोधावे, आणि तीच चूक पुन्हा होऊ नये म्हणून आपल्या रीतीत काय बदलावे याचा विचार करावा. हॉपरबाईंनी जन्मभर हेच केले. वर्गातील मुलामुलींपैकी कोणालाही, आजपासूनच, एका पेन्सिलीच्या साह्याने याचा आरंभ करता येईल.