सर्पगंधेचे डॉक्टर

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका चढला होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान माणसाच्या डॉक्टरांपाशीही तो उतरविणारे भरवशाचे औषध नव्हते. मीठ तोडावे, विश्रांती घ्यावी, फारच झाले तर कण्यालगतचे मज्जातंतू शस्त्रक्रियेने कापावेत, एवढेच उपाय. हे औषध पुढे जगाच्या नजरेस आणून दिले ते मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील एका पारशी हृदयरोगतज्ज्ञाने. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

१९११ मध्ये जन्मलेल्या वकील यांनी वैद्यकाचे शिक्षण लंडनमध्ये घेतले होते. विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरने झाडपाल्याकडे पाठ फिरवावी, अशीच त्या काळची रीत. वकील यांनी ती पाळली नाही. सर्पगंधेची मुळी सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि वेडावर देशात पूर्वापार दिली जात असे. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो असे नोंदविले होते. त्याच साली दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातून काही द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलिन असे नाव दिले. मात्र हे काम भारतीय नियतकालिकांतच राहिले. परदेशात ते फारसे कोणी वाचले नाही.

वकील यांनी केले ते दिसायला साधे होते. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना मुळीच्या गोळ्या देऊन त्यांनी रक्तदाबाची पद्धतशीर नोंद ठेवली आणि १९४९ मध्ये ती ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. बहुतेकांचे वरचे आणि खालचे दोन्ही आकडे उतरले होते. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचून भारतातून औषध मागविले, आणि त्यांनाही तोच अनुभव आला. १९५२ मध्ये बासेलच्या सिबा कंपनीतील श्लिटलर, म्युलर आणि बाइन यांनी मुळीतील मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती घेतले. तेच रिसर्पिन. त्याची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशात मोजावी लागते. याच सिबाने १९६३ मध्ये गोरेगावला आपले संशोधन केंद्र उघडले. औषध सापडल्यावर कंपनी मुळीच्या देशात आली, असे म्हणण्याचा मोह होतो.

वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि पुढल्या वर्षी पद्मभूषण मिळाले. तोवर या रसायनाची दुसरी बाजूही दिसू लागली होती. ते दीर्घकाळ घेणारे काही रुग्ण खोल नैराश्यात बुडत. रिसर्पिन मेंदूतील सेरोटोनिन, डोपामिन यांसारख्या द्रव्यांचे साठे रिकामे करते, हे उघड झाले आणि नैराश्याच्या रासायनिक कारणांचा शोध तेथूनच जोमाने सुरू झाला. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिनने निश्चल झालेले ससे एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. कंपवातावरील आजच्या उपचाराचा धागा त्या प्रयोगाशी जुळतो. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. रक्तदाबाच्या एका गोळीने मनोविकारशास्त्राला एवढे द्यावे, हे वकील यांच्या ध्यानीमनीही नसेल.

त्यांची लेखणी मात्र मुळीपुरती नव्हती. वैद्यकाच्या इतिहासावर त्यांनी रसाळ निबंध लिहिले. गोलवाला यांच्यासह लिहिलेले रोगनिदानाचे पुस्तक विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासले, आणि भारतीय फिजिशियन संघटनेचा १९६९ चा पहिला वैद्यक-ग्रंथ त्यांच्याच संपादनाखाली निघाला.

सप्टेंबर १९७४ मध्ये लॅन्सेटमध्ये तीन लेख आले. रिसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसते, असा त्यांचा सूर होता. नंतरच्या तपासण्यांत तो संशय टिकला नाही, पण औषधाची पत गेली ती गेलीच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वकील यांचे निधन झाले. बाजारासाठी उपसून उपसून सर्पगंधा मात्र रानात इतकी विरळ झाली की, १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस कराराचे नियंत्रण आले.