दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार

परदेशी विद्यापीठांत पदार्थविज्ञानाच्या डॉक्टरेटसाठी अर्ज करणारे विद्यार्थी आज लहान गावांतील महाविद्यालयांतही आढळतात. निवडयादीतील क्रमांकावर आपले सारे भवितव्य अवलंबून आहे, अशी त्यांची व त्यांच्या पालकांची समजूत असते. अणुकेंद्राचा शोध लावणारे अर्नेस्ट रदरफर्ड यांचे चरित्र या दृष्टीने मननीय ठरते. कारण ज्या शिष्यवृत्तीने त्यांना केंब्रिजला नेले, तिच्या निवडीत ते दुसरे आले होते.

रदरफर्ड यांचा जन्म १८७१ साली न्यूझीलंडमधील नेल्सन शहराजवळ झाला. बारा भावंडांत ते चौथे. वडील गाड्यांची चाके घडवीत, आई पूर्वाश्रमीची शिक्षिका. माध्यमिक शाळेची शिष्यवृत्ती त्यांना दुसऱ्या प्रयत्नात मिळाली. ख्राइस्टचर्चच्या कॅंटरबरी कॉलेजचीही तशीच. १८९३ साली गणित व पदार्थविज्ञान या दोन्ही विषयांत प्रथम वर्ग मिळवून ते एम. ए. झाले. तरीही शाळामास्तराची कायम नोकरी त्यांना मिळू शकली नाही. शिकवण्या करीत, कॉलेजच्या एका तळघरवजा खोलीत त्यांनी लोखंडाच्या चुंबकीकरणावर प्रयोग चालू ठेवले.

पुढील अभ्यासासाठी एकच वाट होती. लंडनमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनातून सुमारे १ लाख ८६ हजार पौंड शिल्लक उरले होते. त्या निधीतून १८९१ पासून साम्राज्यातील विद्यार्थ्यांना संशोधनासाठी वर्षाला १५० पौंड देण्याची योजना सुरू झाली. न्यूझीलंडच्या वाट्याला दोन वर्षांतून एकच शिष्यवृत्ती येई. १८९४ साली तिच्यासाठी दोन उमेदवार होते. परीक्षकांनी रसायनशास्त्रज्ञ मॅक्लॉरिन यांना पसंती दिली. पुढे मॅक्लॉरिन यांनी मायदेशीच राहण्याचे ठरविले, तेव्हा ती शिष्यवृत्ती रदरफर्ड यांच्याकडे आली. जहाजाचे भाडे उसने काढून ते १८९५ साली इंग्लंडला गेले.

त्याच वर्षी केंब्रिजने आपला नियम बदलला होता. अन्य विद्यापीठांच्या पदवीधरांना तेथे संशोधक विद्यार्थी म्हणून प्रथमच प्रवेश मिळू लागला. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांच्या हाताखाली दाखल झालेल्या अशा पहिल्या विद्यार्थ्यांत रदरफर्ड होते. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे : १८९८ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात प्राध्यापकपद, १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक, १९११ मध्ये अणुकेंद्राचा सिद्धांत.

परीक्षकांची चूक झाली, असा निष्कर्ष यातून काढणे उचित होणार नाही. मॅक्लॉरिनही गुणी होते. पहिल्या व दुसऱ्या क्रमांकातील अंतर हे पुष्कळदा गुणवत्तेचे नसते. जागा एकच असते म्हणून ते पडते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर टंचाई बुद्धीची नसते, संधीची असते. रदरफर्ड यांच्यासाठी ती टंचाई एका योगायोगाने दूर झाली. योगायोग हे धोरण होऊ शकत नाही.

आज अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे पदार्थविज्ञानाच्या डॉक्टरेटसाठी शिक्षणशुल्क माफ करतात आणि अध्यापन वा संशोधनाच्या कामाबद्दल निर्वाहवेतनही देतात. अडथळा त्याआधीचा आहे. अनेक विद्यापीठांचे अर्जाचे शुल्क, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा आणि विमानभाडे हा खर्च प्रवेशापूर्वी अथवा पहिले वेतन हाती पडण्यापूर्वी करावा लागतो. सधन घरचा विद्यार्थी दहा ठिकाणी अर्ज करतो, कारकुनाची मुलगी दोन ठिकाणी करून थांबते. तिची निवड परीक्षक करण्यापूर्वीच घरखर्चाची वही करून टाकते.

असे विद्यार्थी परत येत नाहीत, मग समाजाने पैसा का घालावा, हा आक्षेप गंभीर आहे. रदरफर्ड स्वतः न्यूझीलंडला स्थायिक होण्यासाठी परतले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते प्रमुख असताना त्याच कॅव्हेंडिशमध्ये भारतातून गेलेले दौलतसिंग कोठारी शिकले, दिल्लीला परतले आणि १९६४ ते १९६६ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष झाले. आपल्याकडे १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या खर्चाची परतफेड देशाला किती पटीने झाली, याचा हिशेब कोणत्याच ताळेबंदात मावणार नाही. कोण परतेल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच शिष्यवृत्त्या मोजक्या ठेवण्यापेक्षा वाढविणे शहाणपणाचे.

यासाठी फार मोठी रक्कम लागेल असे नाही. विद्यापीठांनी आपल्या निधीतून अर्ज व प्रवासाच्या खर्चासाठी बिनव्याजी उचल द्यावी, ती पुढे वेतनातून फेडून घ्यावी, आणि निवडयादीतील पहिल्या नावापाशी न थांबता दुसऱ्या-तिसऱ्या नावांचाही विचार करावा. एका प्रदर्शनाची शिल्लक चाळीस वर्षांनंतर चाक घडविणाऱ्याच्या मुलाच्या उपयोगी पडली. आपल्या समारंभांची शिल्लक कोठे जाते, हा प्रश्न आपण विचारावयास हवा.