माळरानावरची माणुसकी

उद्योगांची सामाजिक बांधिलकी हा शब्दप्रयोग आज प्रत्येक मोठ्या कंपनीच्या वार्षिक अहवालात आढळतो. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, अशी तरतूद झाली. १ एप्रिल २०१४ पासून ती अमलात आली. त्याआधी सुमारे शंभर वर्षे, असा कोणताही कायदा नसताना, एका मराठी उद्योजकाने निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना उभारला आणि त्याच्या भोवती एक गाव वसवले. समाजाने आणि सरकारने ज्यांच्यावर अविश्वासाचा शिक्का मारला होता, अशा माणसांना त्या गावात काम आणि मान मिळाला. लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर हे त्या उद्योजकाचे नाव. लोखंडी नांगराचे कारखानदार म्हणून ते महाराष्ट्राला परिचित आहेत. त्यांच्या कामाची ही दुसरी बाजू मात्र तुलनेने कमी सांगितली जाते.

बंद झालेली दोन दारे

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही हेच जन्मगाव. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात विद्येला मान होता. पण लक्ष्मणरावांचे मन शालेय पुस्तकांत रमले नाही. चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून पाहणे या दोन गोष्टींचा त्यांना ध्यास होता. वडील बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

चित्रकार होण्याचे स्वप्न फार काळ टिकले नाही. आपल्याला काही रंगांमधला फरक ओळखता येत नाही, हे शिक्षण सुरू असतानाच त्यांच्या लक्षात आले. रंगांधळ्या माणसाला चित्रकलेचे दार बंद होते. खचून न जाता त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास पुढे चालू ठेवला. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. तिथल्या कार्यशाळेत त्यांनी यंत्रविद्या हाताने आत्मसात केली. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

दुसरे दार याच संस्थेत बंद झाले. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. हा अन्याय मुकाट्याने गिळण्याऐवजी त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. एकदा निसर्गाने आणि एकदा वर्णभेदाने अडवलेला हा माणूस पुढे स्वतः मालक झाला. आपल्या कारखान्याच्या दाराशी आलेल्या माणसांना त्याने कसे वागवले, हे पाहताना हे दोन प्रसंग लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

सायकलीपासून नांगरापर्यंत

बेळगावात रामुअण्णांच्या साथीने सायकलींचे दुकान सुरू झाले होते. १८८८ हे किर्लोस्कर समूहाच्या स्थापनेचे वर्ष मानले जाते ते या व्यवसायावरूनच. लक्ष्मणराव मुंबईत असताना सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत. रामुअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकांना त्या चालवायलाही शिकवत. ज्या रस्त्यावर हे दुकान होते, तो आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

मुंबई सोडल्यानंतर लक्ष्मणरावांचे लक्ष शेतीकडे वळले. वैरण तोडण्यात शेतकऱ्याचे किती श्रम वाया जातात, हे पाहून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनवले. त्यापाठोपाठ लोखंडी नांगर आला. लाकडी नांगराने शेकडो वर्षे जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याला हे नवे अवजार पचनी पडेना. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होईल, अशी भीती होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याच्या अडाणीपणाला दोष दिला नाही. नांगर प्रत्यक्ष चालवून दाखवणे आणि त्यातले दोष काढत राहणे, हाच मार्ग त्यांनी धरला. ज्याच्यासाठी वस्तू बनवायची, त्याच्या शंकेला मान द्यायचा, ही सवय त्यांना तिथे लागली.

व्यवसाय जरा स्थिरावतो न स्थिरावतो तोच शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा रिकामी करण्याचा आदेश बेळगाव नगरपालिकेने काढला. वयाच्या चाळिशीत सगळा संसार आणि सगळी यंत्रे उचलून जायचे कुठे, हा प्रश्न उभा राहिला.

औंधच्या राजाचा हात

या अडचणीत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराचे पुरस्कर्तेही. १९०९ मध्ये गादीवर आलेल्या या राजाने लक्ष्मणरावांना दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि आपल्या संस्थानात कारखाना काढण्यास जागा दिली. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर कुंडल रोड नावाचे लहानसे स्थानक होते. त्याच्या जवळची बत्तीस एकर पडीक जमीन पसंत करण्यात आली. तिथे निवडुंग, दगड आणि नाग यांचे राज्य होते. पिण्याच्या पाण्याचीही ददात होती.

मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव पंचवीस कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह या माळावर आले. मालक, कारकून, लोहार, सुतार असा भेद बाजूला ठेवून सर्वांनी मिळून निवडुंग तोडले, जमीन सपाट केली, निवारे उभारले. आज कंपन्यांचे कर्मचारी वर्षातून एखाद्या दिवशी श्रमदानाला जातात. इथे श्रमदानातून अख्खे गावच उभे राहिले. त्याला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले आणि पुढे रेल्वे स्थानकानेही तेच नाव धारण केले. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे.

पाश्चात्त्य देशांतील औद्योगिक वसाहतींविषयी लक्ष्मणरावांनी वाचले होते. इंग्लंडमध्ये साबणाच्या कारखान्याभोवती पोर्ट सनलाइट आणि चॉकलेटच्या कारखान्याभोवती बोर्नव्हिल ही गावे तोवर वसली होती. भारतातही जमशेटजी टाटांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू केला होता. मात्र त्या उद्योगांच्या मागे मोठे भांडवल होते. किर्लोस्करवाडीची सुरुवात उसनवारीच्या पैशांवर झाली. नफा मिळाल्यानंतर समाजाचे पाहू, असा क्रम लक्ष्मणरावांनी लावला नाही. कारखाना आणि वसाहत ही दोन्ही कामे एकाच वेळी सुरू झाली.

पहारेकरी कोण?

या वसाहतीत लक्ष्मणरावांनी जी माणसे निवडली, त्यांच्याकडे पाहिले की त्यांचा वेगळेपणा ध्यानात येतो. रामुअण्णांनी गावाची आखणी आणि व्यवस्था सांभाळली. शंभोराव जांभेकर यंत्रांचे जाणकार होते, मंगेशराव रेगे यांनी कचेरीचा कारभार पाहिला. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडली होती. पण लक्ष्मणरावांनी त्यांच्या हातातले कसब ओळखले आणि शाळेबाहेर पडलेला हा तरुण कल्पक अभियंता म्हणून नावारूपाला आला. स्वतःकडे पदवी नसलेल्या मालकाने दुसऱ्याकडे प्रमाणपत्र मागितले नाही.

याहून धाडसी निर्णय रात्रीच्या पहाऱ्याबाबत होता. तुरुंगाची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी कारखान्याचे राखणदार नेमले. तो काळ ध्यानात घेतला म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांना जन्माने गुन्हेगार ठरवण्याची सोय इंग्रज सरकारने करून ठेवली होती आणि १९११ मध्ये तो कायदा अधिक व्यापक करण्यात आला. एकदा कपाळी शिक्का बसला की गावात काम मिळत नसे, आणि काम नाही म्हणून पुन्हा चोरी, हे चक्र थांबत नसे. हे चक्र उपदेशाने तुटणार नाही, विश्वासाने तुटेल, अशी लक्ष्मणरावांची धारणा होती. ज्याच्यापासून मालमत्ता राखायची असे जग मानत होते, त्याच्याच हाती त्यांनी ती सोपवली. त्या पहारेकऱ्यांनी हा विश्वास सार्थ केला आणि किर्लोस्करवाडीच्या इतिहासात विश्वासू माणसे म्हणून त्यांची नोंद झाली.

अस्पृश्यतेच्या बाबतीतही वाडीच्या हद्दीत लक्ष्मणरावांनी ठाम भूमिका घेतली. आजूबाजूच्या गावांत जातीची उतरंड घट्ट असताना आपल्या वसाहतीत अस्पृश्यता पाळली जाणार नाही, असा दंडक त्यांनी घातला. वेदान्ती ब्राह्मणाच्या घरात जन्मलेल्या माणसाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे पाऊल उचलणे सोपे नव्हते.

याच औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या प्रयोगावरूनच पुढे १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा दो आँखें बारह हाथ हा चित्रपट निघाला. संस्थानाने हा प्रयोग करण्याच्या कितीतरी आधी त्याच संस्थानातल्या एका कारखानदाराने आपल्या दाराशी तो करून पाहिला होता, ही बाब आवर्जून नोंदवण्याजोगी आहे.

कारखान्यातून घराघरात

पहिल्या महायुद्धात लोखंड, कोळसा आणि रंग यांची टंचाई झाली, तरी पर्यायी साहित्य शोधून काम चालू ठेवण्यात आले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली किर्लोस्कर खबर हे मासिक निघाले. सुरुवातीला कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवणारे हे छोटे पत्रक पुढे मराठीतले एक प्रभावी मासिक बनले. १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही भावंडे त्याला लाभली. विज्ञाननिष्ठा, अंधश्रद्धेला विरोध, स्त्रियांचे स्वातंत्र्य हे विषय नांगर बनवणाऱ्या गावातून मध्यमवर्गीय मराठी घरांत पोहोचले.

१९२६ मध्ये अमेरिकेतून शिक्षण घेऊन परतलेले चिरंजीव शंतनुराव कामात उतरले आणि पंप, यंत्रसामग्री, इंजिने अशा दिशांनी उद्योग विस्तारला. हरिहर, बंगळूर आणि पुणे येथे नवे कारखाने उभे राहिले.

विश्वासाची परीक्षा

या वाटचालीत सर्वांत मोठा आघात १९४८ मध्ये झाला. महात्मा गांधींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले झाले. त्या आगीची झळ किर्लोस्करवाडीलाही लागली. जमावाने कारखान्याची जाळपोळ केली. तेव्हा लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या गावाने जातिभेदाला आपल्या वेशीबाहेर ठेवले होते, ते जातीच्याच रोषाला बळी पडले. वाडीची वेस आखून समाजातली दरी बुजत नाही, हे कटू सत्य त्या वणव्याने समोर आणले. चांगल्या मालकाने वसवलेले गाव मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून असते आणि त्या चांगुलपणाची पोच कुंपणापर्यंतच राहते, ही या प्रयोगाची मर्यादाही त्यातून दिसली. तरीही कारखाना पुन्हा उभा राहिला, यंत्रे पुन्हा फिरू लागली आणि नांगर तयार होत राहिले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आजच्या कायद्याच्या चौकटीत लक्ष्मणरावांचे काम बसवू पाहिले तर एक विसंगती समोर येते. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या हितासाठी केलेला खर्च सामाजिक उत्तरदायित्वाच्या दोन टक्क्यांत मोजला जात नाही. म्हणजे कामगारांसाठी बांधलेली किर्लोस्करवाडीतील घरे त्या हिशेबात आली नसती. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला राखणदार नेमण्यासाठी तर वेगळा खर्चच नव्हता; लागला तो केवळ विश्वास, आणि त्याला ताळेबंदात रकाना नाही. कायद्यातील वगळणुकीला कारण आहे, कारण पगार आणि सोयी-सुविधांनाच समाजकार्य म्हणण्याची पळवाट तिने बंद होते. पण दोन टक्क्यांचा हिशेब पूर्ण झाला म्हणजे बांधिलकी संपली, असे मानणाऱ्या उद्योगांनी एकदा स्वतःच्या दाराकडेही पाहायला हवे. तिथे कोणाला प्रवेश मिळतो, कोणाला नाकारला जातो आणि रात्री कारखान्याच्या किल्ल्या कोणाच्या हाती असतात, याची उत्तरे लक्ष्मणरावांनी १९१० मध्येच देऊन ठेवली आहेत.