चार्ल्स डार्विन यांचा संथ उद्योग

परीक्षेच्या आदल्या रात्रीं दिवा जाळीत बसणाऱ्या आमच्या बालवाचकांस, व त्यांचें कौतुक करणाऱ्या पालकांसही, आम्ही आज अशा एका पंडिताची ओळख करून देणार आहों, कीं ज्याचें अभ्यासिकेंतील मुख्य काम रोज चारच तास चाले.

चार्ल्स डार्विन यांचा जन्म इंग्लंडांत १८०९ सालीं झाला. १८३१ ते १८३६ पर्यंत ‘बीगल’ जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्यावर लंडनमधील अतिश्रमानें त्यांच्या छातींत धडधडूं लागलें. १८४२ सालीं ते केंट परगण्यांतील डाउन गांवीं राहावयास गेले, ते अखेरपर्यंत. सकाळीं आठ ते साडेनऊ काम, मग पत्रें, साडेदहा ते बारा पुन्हां काम, दुपारीं बागेपलीकडील वाळूच्या वाटेवर फेऱ्या, सायंकाळीं आणखी तासभर काम. फेऱ्या मोजण्यासाठीं गारगोट्यांचा ढीग असे; प्रत्येक फेरीस ते एक गारगोटी पायानें बाजूस सारीत. चालतांना डोक्यांत विचार चालूच असे.

आम्हांस नवल वाटतें तें गांडुळांच्या प्रयोगाचें. १८४२ च्या डिसेंबरांत त्यांनीं एका कुरणावर खडूचे तुकडे पसरविले आणि १८७१ सालीं, म्हणजे २९ वर्षांनीं, तेथें चर खणून पाहिला. गांडुळांनीं वर आणलेल्या मातीखालीं तो खडू सात इंच खोल गेला होता! त्यावरील पुस्तक निघालें १८८१ सालीं.

एकदां मात्र त्यांस घाई करावी लागली. जीवजाती कशा बदलत जातात याची उपपत्ति ते वीस वर्षें पारखीत होते. तोंच १८५८ सालीं मलाय बेटांतून वॉलेस या संशोधकाचा तशाच आशयाचा निबंध टपालानें आला. दोघांचे लेख लंडनच्या लिनियन सोसायटींत एकत्र वाचले गेले. मग डार्विन यांनीं तेरा महिन्यांत ग्रंथ लिहून काढला. १८५९ च्या नोव्हेंबरांत तो प्रसिद्ध झाला, तेव्हां ग्रंथकर्ते थकून यॉर्कशायरांतील इल्कले येथें जलोपचार घेत होते.

पुढें पुन्हां तोच दिनक्रम. वडिलांची संपत्ति पाठीशीं असल्यामुळें त्यांस तो परवडला, हें लपविणें बरें नव्हे. परंतु संपत्ति असलेले सगळेच कांहीं गांडुळांची २९ वर्षें वाट पाहत नाहींत. १९ एप्रिल १८८२ रोजीं ते वारले. त्याआधीं दोनच दिवस, मुलगा घरीं नसतां, त्याच्या चालू प्रयोगाची नोंद त्यांनीं स्वतः करून ठेविली होती.