विश्लेषण : फुप्फुसांचा अभ्यास केलेल्या कल्याणच्या आनंदीबाईंना क्षयापासून का वाचवता आले नाही?

शहाडहून मुंबईकडे निघालेल्या लोकलचा पहिला थांबा म्हणजे कल्याण. शहाडच्या शाळेत आठवीत शिकणारी मुले श्वसनसंस्था आणि रक्ताभिसरण संस्थेच्या आकृत्या काढतात, भागांना नावे देतात आणि परीक्षेत त्याचे गुण मिळवतात. कल्याणच्या जोशी घराण्यातल्या एका मुलीला साधारण १४० वर्षांपूर्वी हेच शिकण्यासाठी समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला जावे लागले. डॉ. आनंदीबाई जोशी पदवी घेऊन परतल्या, पण एकाही रुग्णालयात रुजू होण्याआधीच क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांना २२ वे वर्षही पूर्ण झाले नव्हते. शरीर कसे चालते हे शिकलेल्या डॉक्टरला स्वतःचा आजार बरा करता का आला नाही, याचे उत्तर त्या काळच्या विज्ञानात आहे.

यमुनेची आनंदी कशी झाली?

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. कल्याणचे हे जोशी घराणे एके काळी सुस्थितीत होते, पण यमुनेच्या लहानपणापर्यंत आर्थिक घडी विस्कटली होती. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि तिच्यापेक्षा सुमारे २० वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर तिचे नाव आनंदी ठेवण्यात आले.

बायकोने शिकलेच पाहिजे, हा गोपाळरावांचा हट्ट होता. त्या काळात असा नवरा दुर्मीळ होता. पण या हट्टाला दुसरी बाजूही होती. गोपाळरावांकडून झालेल्या मारहाणीचा उल्लेख आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात केला आहे. पत्नीला घडवणारा प्रेमळ पती एवढेच चित्र रंगवले, तर या पत्रांकडे डोळेझाक होते.

डॉक्टरच व्हायचे, हे का ठरले?

वयाच्या १४ व्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो १० दिवस जगला. त्याला योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे बहुतेक घरांतल्या स्त्रियांना तेव्हा मान्य नव्हते आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच. सुईण आणि घरगुती उपाय यांपलीकडे बाळंतिणीला फारसा आधार नसे.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, पुढे कलकत्ता आणि श्रीरामपूर. हे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे, तर बंगालमधले. कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका नियतकालिकात छापून आला आणि न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिले. पुढे दोघींमध्ये मावशी-भाचीचे नाते तयार झाले.

परदेशी जाण्याला समाजातून विरोध होता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंनी सभेसमोर उभे राहून आपली बाजू मांडली. भारतातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची गरज आहे, आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. तेव्हा त्या १७ वर्षांच्या होत्या. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याहून बोट पकडली. पती सोबत नव्हते. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या.

फिलाडेल्फियात त्या काय शिकल्या?

पेनसिल्व्हेनियाचे महिला वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये सुरू झाले होते. अधिष्ठाता रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. येथील अभ्यासक्रम तीन वर्षांचा. शरीररचना, शरीरक्रिया, रसायनशास्त्र, औषधे आणि प्रसूतिशास्त्र हे त्यातले प्रमुख विषय.

आज शाळेत शिकवल्या जाणाऱ्या संस्थांपैकी बरेच काही तेव्हा माहीत झालेले होते. हृदय पंपासारखे काम करते आणि रक्त शरीरात फिरत राहते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडले होते. धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. छातीतले आवाज ऐकण्याचा स्टेथोस्कोप १८१६ पासून होता. म्हणजे शरीराचा नकाशा बऱ्यापैकी तयार होता. त्यात बिघाड झाला तर दुरुस्ती कशी करायची, हे मात्र फार थोड्या आजारांबाबत ठाऊक होते.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एमडी पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्राचीन प्रसूतिशास्त्र हा होता. पदवीदान समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांच्यासोबतचे आनंदीबाईंचे १८८५ सालचे छायाचित्र आजही समाजमाध्यमांवर फिरत असते.

क्षय शरीरात नेमके काय करतो?

श्वास घेतला की हवा नाकातून श्वासनलिकेत, तिथून फुप्फुसांत आणि शेवटी वायुकोशांत पोहोचते. वायुकोश म्हणजे अगदी छोटे फुगे. त्यांची संख्या कोट्यवधी असते. ते सगळे उलगडून पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साधारण ७५० चौरस फुटांचा पृष्ठभाग तयार होईल. शहाड-कल्याण पट्ट्यातल्या टू बीएचके फ्लॅटएवढी ही जागा छातीच्या पिंजऱ्यात बसवलेली असते. या पातळ पडद्यातून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

क्षयाचा जीवाणू हवेतून याच वायुकोशांत पोहोचतो. शरीरातल्या संरक्षक पेशी त्याला गिळतात, पण तो त्यांच्या आतही तग धरतो. मग इतर पेशी भोवती जमून गाठीसारखी भिंत उभारतात. बहुतेकांच्या शरीरात जीवाणू तिथेच वर्षानुवर्षे कोंडून राहतो आणि माणूस आजारी पडत नाही. प्रतिकारशक्ती घटली की ही भिंत ढासळते. फुप्फुसाचा भाग कुजून पोकळी तयार होते, ऑक्सिजन घेण्याची जागा कमी होते, रक्तवाहिनी फुटली तर थुंकीतून रक्त पडते. ताप आणि वजनातली घट सुरूच राहते.

अमेरिकेच्या थंडीने त्यांचा बळी घेतला का?

आनंदीबाईंच्या गोष्टीत हा मुद्दा हमखास येतो. अमेरिकेत त्यांची तब्येत ढासळली, हे खरे. शाकाहारी जेवणाची अडचण होती, हिवाळा कडक होता आणि अभ्यासाचा ताण होताच. मात्र थंडीमुळे क्षय होत नाही. त्यासाठी जीवाणूचा संसर्ग लागतो. अपुरा आहार, अशक्तपणा आणि हवा न खेळणाऱ्या बंद खोल्या यांमुळे संसर्गाचा किंवा आत दबलेला आजार उफाळण्याचा धोका वाढतो. अमेरिका असो वा भारत, त्या काळी क्षय दोन्हीकडे सर्रास आढळत असे.

मग डॉक्टरांनी उपचार का केले नाहीत?

इथे तारखा शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. क्षय हा जीवाणूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. त्यानंतर वर्षभराने आनंदीबाईंची बोट निघाली. म्हणजे त्या वैद्यक शिकत होत्या तेव्हा हा शोध अगदी ताजा होता. आजाराचे कारण सापडले होते, पण त्या जीवाणूला मारणारे औषध जगात कुठेच नव्हते. विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा एवढाच सल्ला डॉक्टर देऊ शकत.

छातीचा एक्स-रे काढणेही शक्य नव्हते. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला, त्यांच्या मृत्यूनंतर ८ वर्षांनी. बीसीजी लस बाळाला पहिल्यांदा १९२१ मध्ये देण्यात आली, म्हणजे ३४ वर्षांनी. क्षयावर परिणामकारक ठरलेले पहिले प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले, म्हणजे ५६ वर्षांनी.

या अपुऱ्या ज्ञानाचा फटका मोठमोठ्या डॉक्टरांनाही बसला. स्टेथोस्कोप शोधणारे रेने लाएनेक यांनी क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसांचे आवाज बारकाईने नोंदवले होते. १८२६ मध्ये त्यांचाही मृत्यू क्षयानेच झाला.

मायदेशी परतल्यावर काय झाले?

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात महिला कक्षाच्या प्रमुख डॉक्टर म्हणून नेमले होते. हेच आजचे सीपीआर रुग्णालय. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईत उतरल्या तेव्हा प्रकृती खूपच खालावली होती. कोल्हापूरला जाऊन पदभार घेणे त्यांना जमलेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. २२ वा वाढदिवस ३३ दिवसांवर होता. त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत ठेवण्यात आल्या.

आनंदीबाईंच्या मृत्यूने किती नुकसान झाले, याचा अंदाज डॉ. रखमाबाई यांच्याकडे पाहिले की येतो. त्यांचा जन्म १८६४ चा, म्हणजे आनंदीबाईंहून जेमतेम काही महिने आधीचा. लंडनमध्ये वैद्यक शिकून त्यांनी सुरत आणि राजकोट येथे अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले. १९५५ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज काय बदलले आहे?

आठवीच्या सामान्य विज्ञानात ‘आरोग्य व रोग’ आणि ‘मानवी शरीर व इंद्रिय संस्था’ असे दोन वेगळे धडे आहेत. पहिल्यात क्षयाचा जीवाणू, लक्षणे आणि प्रतिबंध येतो, दुसऱ्यात श्वसन आणि रक्ताभिसरण. आनंदीबाई वैद्यक शिकत होत्या तेव्हा दुसऱ्या धड्यातला बराच भाग पुस्तकांत आला होता, पहिल्यातला उपचार मात्र जगात कुणालाच माहीत नव्हता.

आता तो उपचार आहे. औषधांना दाद देणारा क्षय साधारण ६ महिने नियमित गोळ्या घेतल्यास बरा होतो. सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. तरीही जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या, तर औषधांना न जुमानणारे जीवाणू तयार होऊ शकतात आणि उपचार अधिक अवघड होतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, रात्री घाम, घटणारे वजन किंवा थुंकीतून रक्त यांपैकी काही जाणवले, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. घरात एखाद्याला क्षय असेल, तर त्याच्या सहवासातल्या इतरांनीही, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घेणे गरजेचे आहे.