फरीद सिमैका

फरीद सिमैका (जन्म : अलेक्झांड्रिया, इजिप्त, १९०७, मृत्यू : १९४३) हे डायव्हिंग या खेळातील इजिप्शियन खेळाडू होते. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्यांनी दोन पदके मिळवली. इजिप्तला पहिली ऑलिंपिक पदके याच स्पर्धेत मिळाली. वेटलिफ्टर सय्यद नुसैर आणि कुस्तीगीर इब्राहिम मुस्तफा यांची सुवर्णपदके आणि सिमैका यांची दोन पदके, अशी त्यांची संख्या चार होती.

स्प्रिंगबोर्ड प्रकारात सिमैका यांना कांस्यपदक मिळाले. सुवर्ण अमेरिकेच्या पीट डेजार्डिन्स यांना. उंच प्लॅटफॉर्मवरील स्पर्धेतही हेच दोघे आघाडीवर होते. तीत सिमैका यांचे ९९.५८ आणि डेजार्डिन्स यांचे ९८.७४ गुण झाले. सिमैका विजयी घोषित झाले, इजिप्तचे राष्ट्रगीतही वाजले. त्यानंतर निकाल चुकल्याचे पंचांच्या ध्यानात आले.

गुणांची बेरीज हा तेव्हाच्या नियमानुसार अंतिम निकष नव्हता. प्रत्येक पंचाच्या गुणांवरून स्पर्धकांचा क्रम लावला जाई आणि सर्व पंचांनी दिलेल्या क्रमांकांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता ठरे. एखाद्या पंचाने कोणावर गुणांची खैरात केली किंवा हात फारच आखडता घेतला, तरी त्याच्या मताला एका क्रमांकाहून अधिक वजन मिळू नये, हा त्यामागील हेतू. बहुसंख्य पंचांनी थोड्या फरकाने का होईना डेजार्डिन्स यांना वरचे स्थान दिले होते. सुवर्ण त्यांना गेले, सिमैका यांना रौप्य मिळाले. नियमाच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. परंतु राष्ट्रगीत वाजण्यापूर्वी हिशेब पुन्हा तपासला असता, तर एका तरुण खेळाडूवरचा हा प्रसंग टळला असता. वांशिक वा राजकीय पक्षपाताचा आरोप या निकालासंदर्भात अधूनमधून केला जातो. मात्र निकाल फिरण्याचे कारण या क्रमांकपद्धतीतच सापडते.

सिमैका पुढे अमेरिकेत राहिले आणि तेथील नागरिक झाले. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्याच्या हवाई दलात होते. पॅसिफिक आघाडीवर १९४३ मध्ये त्यांना मृत्यू आला, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशीही गाठली नव्हती. आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिदालनात त्यांचा मरणोत्तर समावेश करण्यात आला आहे. ॲम्स्टरडॅमच्या प्लॅटफॉर्म स्पर्धेच्या निकालपत्रकात दुसऱ्या क्रमांकाच्या नावापुढील गुण पहिल्यापेक्षा ०.८४ ने अधिक आहेत.