रेव्हरंड टिळक आणि करार

आमच्या वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरून जाणारा लोहमार्ग पुढे राजनांदगावास पोहोचतो. सन १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून याच मार्गाने तिकडे निघाले असता, डब्यातील एका युरोपियन गृहस्थाने त्यांस ‘नवा करार’ हे पुस्तक दिले. ते वाचून पुरे करावयाचे, असा टिळकांनी निश्चय केला. आणि गिरिप्रवचनापाशी येताच त्यांचे चित्त त्यात जडले.

देवाचा करार मोडतो काय, असा प्रश्न शास्त्राच्या तासास आमचे विद्यार्थी नेहमी विचारतात. नोहाशी झालेल्या करारास अट नव्हती. सीनाय पर्वतावरील करारास आज्ञापालनाची अट होती, व इस्राएलाने ती मोडली. तथापि पुढे त्याच लोकांशी नवा करार करण्याचे अभिवचन देवाने यिर्मया संदेष्ट्याच्या मुखाने दिले. या कोड्याचा उलगडा आम्हांस टिळकांच्या संसारात दिसतो.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे सन १८६१ मध्ये झाला. सन १८८० मध्ये लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्या अल्पवयी होत्या. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई माहेरच्या आप्तांकडे राहिल्या. पती जिवंत असून त्यांच्या वाट्यास जे दुःख आले, त्याचा विचार टिळकांचे चरित्र सांगणारे पुष्कळदा करीत नाहीत, हे आम्हांस बरे वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने करार मोडिला होता तो टिळकांनीच!

धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडिल्यास विवाहबंधनातून मुक्त होण्याची वाट सन १८६६ च्या कायद्याने खुली होती. टिळकांनी ती धरिली नाही. पत्नीने आपला धर्म टाकावा अशी अटही त्यांनी घातली नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरास त्यांच्याकडे आल्या, त्या प्रथम आपले सोवळेओवळे सांभाळूनच. पुढे सन १९०० मध्ये त्यांनी स्वखुषीने बाप्तिस्मा घेतला.

सीनायच्या अटीचा अर्थ आम्ही असाच घेतो: ती मोडली की सहवासाचे सुख जाते, नाते जात नाही.

ता. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य अपुरे होते. त्याचे पुढील अध्याय बहुतांशी लक्ष्मीबाईंनी रचिले.